दोन रिंगा

१

मी सातपूरचा टर्नर, लेथवर लोखंड कातणारा. २००१ च्या मार्चमध्ये दोन वर्षांच्या करारावर शारजाच्या एका वर्कशॉपात लागलो. एका खोलीत सहाजण आणि सहाजणांत एक फोन. गावातल्या गावात बोलायला पैसे पडत नसत, पण घरी बोलायचं तर दर ऐकूनच माणूस मुका व्हायचा. मार्ग दाखवला लियाकतनं. तो मालेगावचा, माझ्या वरच्या पलंगावर झोपायचा. गल्लीतल्या किराणा दुकानात गल्ल्याखालून एक कार्ड मिळायचं. चंदेरी पट्टी नाण्यानं खरवडली की आकडे निघत. आधी एक नंबर लावायचा, मग ते आकडे, मग घरचा नंबर. लागला तर निम्म्याहून कमी पैशात बोलणं व्हायचं. खोट एकच होती. समोरच्यानं फोन उचलला की, बोला अगर बोलू नका, तीन मिनिटं कापली जायची.

म्हणून मी आईला नियम घालून दिला. दर शुक्रवारी आमची सुट्टी. आपल्याकडे दुपारचे अडीच वाजले की मी फोन लावणार. दोन रिंगा देऊन बंद केला तर मी बरा आहे, उचलायचा नाही. तीन रिंगा झाल्या तर लगेच पुन्हा फोन येईल, तो उचलायचा. तीन रिंगा महिन्यातून एकदा, पहिल्या शुक्रवारी. एरवी दोनच.

आई, नवसाबाई, वडील गेल्यापासून सातपूर कॉलनीच्या कोपऱ्यावर मेथी-कोथिंबीर विकायची. सकाळी सहाला बसायची आणि बाराला उठायची. घरात एकटीच. बहीण प्रतिभा दिली पिंपळगावला. आईला अक्षर फारसं येत नव्हतं, पण दोन आणि तीन यांतला फरक तिला शिकवावा लागला नाही.

तरी दुसऱ्याच शुक्रवारी तिनं पहिल्या रिंगेला फोन उचलला. "समाधान? बाळा, जेवला का?"

मी ओरडलो. शेजारच्या खोलीत दोघं झोपले होते तरी ओरडलो. "आई, उचलू नको म्हटलं होतं ना! झाली ना तीन मिनिटं फुकट!"

तिकडून बांगड्या वाजल्या; वडील गेल्यावरही तिनं त्या उतरवल्या नव्हत्या. मग ती घाईघाईनं म्हणाली, "ठेवते हां. ठेवते बाळा, तुझे पैसे जातात." आणि फोन ठेवला.

तीन मिनिटं कापली गेलीच होती. मी ती तिच्याशी बोलूही शकलो असतो. हे माझ्या डोक्यात आलं ते जिना उतरून खाली जेवायला गेल्यावर.

२

त्यानंतर तिनं कधीही उचलला नाही.

शुक्रवारी तिकडच्या एक वाजता, म्हणजे आपल्या अडीचला, खोलीतले चौघं जुम्म्याच्या नमाजाला जात. पाचवा केरळचा, तो सुट्टीच्या दिवशी आपल्या भावाकडे जायचा. खोलीत मी, एसीची घरघर आणि फोन. दोन रिंगा मोजायच्या, ठेवायचा. हे काम मी सहा-सात महिने केलं. हजेरीच्या कार्डावर शिक्का मारावा तसं.

दिवाळीच्या आधीचा एक शुक्रवार असेल. पहिली रिंग वाजली, आणि दुसरी वाजायच्या आधी जी फट असते तिच्यात भोंगा ऐकू आला.

सातपूरच्या माणसाला भोंगा ओळखायला वेळ लागत नाही. अडीचची पाळी सुटल्याचा, शेवटी जरा चिरकणारा, आमच्या मागच्या कारखान्याचा. मग दुसरी रिंग. मी सवयीनं फोन ठेवला आणि तसाच बसून राहिलो. फोन उचललेला नव्हता. उचलला असता तर कार्ड कापलं गेलं असतं. मी पुन्हा आकडे दाबून शिल्लक ऐकली. जेवढी होती तेवढीच.

लियाकतला सांगितलं तर तो हसला. "अरे समाधानभाई, दो नंबर का कार्ड हाय. लाईन में लाईन घुसती. मेरे को एक बार पूरी शादी की बात ऐकू आली, लडकी कोण, लडका कोण, पता नाय."

मला ते पटलं. मी मायक्रोमीटरवर पोट भरणारा माणूस. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडेतिकडे झाला तर त्याला कारण असतं, आणि कारण सापडलं की मी शांत झोपतो. त्या रात्रीही झोपलो.

पुढच्या शुक्रवारी पंखा ऐकू आला. आमच्या बाहेरच्या खोलीतला, फिरताना टक् टक् करणारा. त्याच्यापुढच्या शुक्रवारी आई.

"आली बघ," ती म्हणाली. मला नाही, फोनला. देवापुढं उभी राहून बोलते त्या आवाजात. "सुखी राहा. आज भरीत केलं रे. तुझ्यावाचून गोड लागलं नाय."

दुसरी रिंग आली आणि मी ठेवला.

३

लाईनीत लाईन घुसली असं एकदा म्हणता येतं. दर आठवड्याला आपल्याच घरातली कशी घुसेल? मी पडताळा घ्यायचं ठरवलं. पहिल्या शुक्रवारी तीन रिंगा दिल्या, पुन्हा लावला, तिनं उचलला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हटलं, "मागं भरीत केलं होतंस ना?"

"अगोबाई," ती म्हणाली, "तुला कसं कळलं?"

"वास आला," मी म्हटलं. ती पदर तोंडाला लावून हसली असणार. आवाज तसा दबका आला.

त्या वेळी मी तिला सांगून टाकायला हवं होतं, की आई, तू फोनशी बोलतेस ते मला ऐकू येतं. पण सांगितलं तर ती बोलायची थांबली असती, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण असं की मला ते फुकट मिळत होतं. फुकट ते पौष्टिक. उचललेल्या फोनवर ती "सगळं ठीक हाय, तू जप" याच्या पलीकडे काही बोलायची नाही, कारण पैसे जातात. न उचललेल्या फोनवर मात्र ती दोन रिंगांत मावेल तेवढं सगळं सांगायची. कोपऱ्यावर कुणी जागेवरून भांडलं. प्रतिभाच्या पोराला बक्षीस मिळालं. तुझा फोटो पुसून ठेवलाय. मी भिंतीला टेकून ऐकायचो. दहा-बारा सेकंदांची आई, आणि आठवडाभर पुरायची.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात ती एका शुक्रवारी म्हणाली, "छातीत दुखतं रे. डावा हात जड पडतो. तुला सांगायची नाय."

दुसरी रिंग.

मी तेव्हा लगेच तिसरी वाजू द्यायला हवी होती. ठेवला. पहिल्या शुक्रवारी विचारलं, "तब्येत काय म्हणते?" ती म्हणाली, "ठणठणीत." मी "बरं" म्हटलं. पुढे काय बोलणार? तू खोटं बोलतेस, मी ऐकलंय, म्हणजे मी इतके महिने कान लावून बसतोय, हे सांगणार? चोराच्या मनात चांदणं. करार मार्चमध्ये संपणार होता. आधी गेलो तर शेवटची रक्कम अडकली असती, आणि त्या रकमेवर माझा लेथ अवलंबून होता. स्वतःचा लेथ, सातपुरात स्वतःचा गाळा. आईचं दुखणं मार्चपर्यंत थांबेल असं मी धरून चाललो. प्रतिभाला एक पत्र टाकलं, की आईकडे लक्ष ठेव. कशासाठी ते लिहिलं नाही.

४

२००३ च्या जानेवारीतला शेवटचा शुक्रवार.

पहिली रिंग वाजली. फटीत पंखा नव्हता. भोंगाही नव्हता. नुसता श्वास होता, फार जवळ, रिसीव्हरला तोंड लावल्यासारखा.

"समाधान," आई म्हणाली. "आज उचलते रे."

बांगड्या रिसीव्हरवर टेकल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. काच आणि प्लास्टिक.

आणि मी फोन कापला.

दुसरी रिंग पुरी होण्याआधी कापला. विचार केला नाही. लेथवरच्या गरम जॉबला बोट लागलं तर हात मागे येतो, तसा आला. मग वाटलं पुन्हा लावावा. कार्डात फार शिल्लक नव्हती, आणि पुढचा शुक्रवार पहिलाच होता, आठ दिवसांनी बोलणं होणारच होतं. मी खाली जाऊन डाळभात खाल्ला.

संध्याकाळी प्रतिभाचा फोन आला. शेजारच्या मंगलाकाकू साडेतीनला डबा परत द्यायला गेल्या, तर आई फोनजवळच्या खुर्चीत बसलेली. हात रिसीव्हरवर. रिसीव्हर जागच्या जागी.

पासपोर्ट कंपनीकडे होता. मी पोचलो सहाव्या दिवशी. अग्नी भाच्यानं दिला होता.

मंगलाकाकू रडून झाल्यावर म्हणाल्या, "हाल नाही झाले रे. डॉक्टर म्हणाले, बाराच्या आतच गेल्या."

"बाराच्या आत नाही, काकू. अडीचनंतर."

"अरे, अंग गार पडलं होतं. बाजारातून त्या दिवशी अकरालाच आल्या, बरं वाटत नाही म्हणून." त्या डोळे पुसत म्हणाल्या, "अडीचला तुझ्या दोन रिंगा वाजल्या तेव्हा मी इकडे भांडी घासत होते. मनात म्हटलं, वहिनी हात जोडत असतील."

तेव्हापासून हे गणित मी सोडवतो आहे आणि ते सुटत नाही. डॉक्टर काही घड्याळ लावून बसत नाहीत. ते चुकले असतील, तर अडीचला माझी आई जिवंत होती, हाक मारत होती, आणि मी फोन कापला. ते बरोबर असतील, तर माझ्याकडून काही गुन्हा घडला नाही. पण मग "आज उचलते रे" कोण म्हणालं? दोन उत्तरांपैकी एक तरी बरं असावं ना?

५

दहाव्याला आम्ही गोदावरीवर गेलो. पिंड ठेवला. कावळे समोरच्या भिंतीवर बसून राहिले. अर्धा तास झाला, तास झाला. गुरुजी म्हणाले, जीव कशात तरी अडकलाय, बोला. प्रतिभा हात जोडून म्हणाली, आई, दादाचं लग्न करू. कावळे हलले नाहीत. भाचा म्हणाला, मी शिकेन. मंगलाकाकू म्हणाल्या, घराकडे बघू आम्ही. नाही.

मी मोठ्यानं बोललो नाही. मनात म्हटलं, आई, यापुढे फोन उचलीन.

एक कावळा उतरला आणि त्यानं भाताला चोच लावली. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. मी मात्र पुन्हा त्या पिंडाकडे पाहिलं नाही.

तेरावं उरकलं आणि शुक्रवार आला. घरात प्रतिभा आतल्या खोलीत पाहुण्यांची अंथरुणं आवरत होती. मी फोनसमोर होतो. मुद्दाम नव्हे, बसायला दुसरी खुर्ची नव्हती. मागे भोंगा झाला, आणि फोन वाजला.

एक. दोन. बंद.

"कुणाचा रे?" प्रतिभानं आतून विचारलं.

"राँग नंबर," मी म्हटलं.

लियाकतनं सवयीनं लावला असेल म्हणून त्याला विचारलं. तो अल्लाची शपथ घेऊन म्हणाला, तेरा नंबर मेरे पास लिखा भी नाय. मंगलाकाकू भिंतीपलीकडून ऐकायच्या. महिनाभरानं त्यांनीच विचारलं, "समाधान, तू तर इथं हाय. मग दोन रिंगा कोण देतं?" मी म्हटलं, कुणीतरी खोडी काढतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विषय पुन्हा काढला नाही. त्या वर्षापासून शुक्रवारी दुपारी त्यांनी भिंतीपलीकडे रेडिओ लावायला सुरुवात केली.

मी फोन उचलला नाही. कावळ्याला दिलेला शब्द घाटावरच राहिला. दर शुक्रवारी हात रिसीव्हरपर्यंत जायचा आणि दुसरी रिंग संपायची. दोन रिंगा म्हणजे "मी बरी आहे", नियम तोच आहे, मग उचलून नियम कशाला मोडा, असं म्हणायचो. शहाण्या माणसाला भीतीला सुद्धा कारण लागतं.

६

वर्षं गेली. लेथ आला, गाळा आला, दोन कामगार आले. लग्न राहिलं ते राहिलंच. शुक्रवारी दोनला मी गाळ्यावरून घरी येतो, हे सगळ्यांना माहीत झालं.

कधी सुरू झालं ते सांगता येणार नाही, पण मी बोलायला लागलो. रिंग वाजली की. "आली बघ. नवीन ऑर्डर मिळाली." किंवा, "भाचा इंजिनीअरिंगला लागला." दोन रिंगांत मावेल तेवढं. एका शुक्रवारी म्हणून बसलो, "पाठ दुखते फार. प्रतिभाला सांगायचं नाही." आणि दुसरी रिंग नेहमीपेक्षा जरा लवकर तुटली.

मी खुर्चीतून उठलो तो परत बसायला धीर होईना. ऐकणारा कसा फोन तोडतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? नको ते कानावर आलं की हात असाच मागे येतो.

२००८ साली प्रतिभा म्हणाली, "दादा, सगळ्यांकडे मोबाईल आले. त्या डबड्याचं भाडं कशाला भरतो? सरेंडर कर." मी अर्ज लिहिला. सोमवारी नेऊन द्यायचा होता. मध्ये एक शुक्रवार होता.

त्या दिवशी मी खुर्चीत बसलो नाही. उभा राहिलो. काय बोलायचं ते पाच वर्षं तयार होतं. आई, मी ऐकत होतो. आई, चुकलो. आई, छातीत दुखतं का अजून? गाळ्यावर मशीन चालू असताना मी ही वाक्यं इतक्यांदा म्हटली होती की ओठांना पाठ झाली होती.

अडीच वाजले. पहिली रिंग वाजली. मी रिसीव्हर उचलला.

आधी पंखा ऐकू आला, टक् टक्. डोक्यावरचा पंखा तर मी चार वर्षांपूर्वी बदलला होता, नवा आवाज करत नाही. मग भोंगा आला, शेवटी चिरकणारा. तो रिसीव्हरमध्ये संपला, आणि त्यानंतर खिडकीतून सुरू झाला. मग बांगड्या.

समोर शोकेस आहे. तिच्या काचेत फोन, स्टूल आणि खुर्ची दिसते. मी उभा होतो. काचेतली खुर्ची रिकामी नव्हती. हिरवट झालेली बोटं दिसली, रोज मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या बाईची होतात तशी, आणि मी नजर खाली घातली.

पलीकडून कुणीतरी माझ्या बोलण्याची वाट पाहत होतं. आणि पाच वर्षं पाठ केलेल्या सगळ्या वाक्यांना मागे सारून माझं हे हिशेबी डोकं पुढं आलं. मी म्हटलं,

"कोण?"

श्वास थांबला. बांगड्या थांबल्या. मग घाईघाईनं, ओशाळलेल्या आवाजात, ती म्हणाली,

"ठेवते हां. ठेवते बाळा, तुझे पैसे जातात."

७

अर्ज मी फाडून टाकला. फोन अजून आहे, भाडं भरतो. त्याला डायल टोन येतो, मी आठवड्यातून एकदा तपासतो. शुक्रवारी अडीचला भोंगा होतो आणि फोन वाजत नाही. मी एकदा ओरडल्यावर तिनं पुन्हा कधी उचलला नव्हता. आता मी एकदा "कोण?" म्हटल्यावर तिनं पुन्हा लावला नाही. आमच्या घराची खोडच तशी, एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

मंगलाकाकूंनी रेडिओ बंद केला. लियाकत अजून तिकडेच आहे. परवा त्यानं कॉम्प्युटरवरून माझ्या मोबाईलवर फोन केला. तासभर बोलला, पोरांविषयी, गुडघ्यांविषयी, उगाच काहीबाही. मी सवयीनं म्हटलं, ठेव आता, तुझे पैसे जातील. तो हसला. "कायके पैसे, समाधानभाई? अब तो मुफ्त हाय. कितना बी बोल."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या खुर्चीजवळ उभा होतो. त्या शुक्रवारी मला एवढंच एक वाक्य सुचायला हवं होतं. बोल आई, आता पैसे जात नाहीत.